चार्जर राहू दे, आधी मीटरवरचा लाल दिवा बघ

पत्र (थोडक्यात): ताई, मी अकोल्याची. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. घर स्वतःचं, वर गच्ची. मागच्या मे महिन्यात ४१२ युनिट आले, फेब्रुवारीत १६८ होते. मधे पुण्याच्या वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. हेमा सान्यांचा व्हिडिओ बघितला, आयुष्यभर विजेशिवाय राहिल्या त्या, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये की आपण एवढी वीज कशाला जाळतो. मी सगळ्यांचे चार्जर काढून ठेवते, दिवे बंद करत फिरते, रात्री ११ ते ५ फ्रिज बंद करते. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या खोलीतला एसी रात्री २ वाजता बंद केला तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो चार दिव्यांनी काय होणार, गच्चीवर सोलर टाकू आणि मनसोक्त एसी चालवू. आता परत ऊन तापायला लागलंय. माझं काय चुकतंय?

अगं, तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तर बरं वाटलं, कारण वीज कमी वापरायची इच्छा मनापासून असलेली माणसं फार भेटत नाहीत आणि बिलापलीकडे जाऊन त्याचा विचार करणारी तर त्याहून कमी. तुझ्याच जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, कोळशाच्या गाड्या तू येताजाता पाहिल्या असशील. एक युनिट वीज करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे तुमच्या घरात फेब्रुवारीपेक्षा मे मधे जे २४४ युनिट जास्त लागले त्याच्यासाठी दीडशे किलोच्या वर कोळसा गेला. तेव्हा तुझ्या मनाला जे लागलंय ते खरंच आहे, ते कोणी कितीही हसलं तरी सोडू नकोस.

पण तू भांडतेयस ते चुकीच्या जागी भांडतेयस आणि त्यात तुझी सगळी पत खर्च होतेय. बघ, मोबाईलचा चार्जर नुसता लावून ठेवला तर त्याला अर्धा वॅटसुद्धा लागत नाही, महिनाभर तसाच राहिला तरी पाव-अर्धा युनिट. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याचा दीड युनिट पण होत नाही. आणि अकोल्यात मे मधे १८ वर ठेवलेला दीड टनी एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. म्हणजे एका रात्रीच्या एसीत तुमच्या स्वयंपाकघरातला बल्ब पाच महिने चालेल. तू मुलांना दिवसातून दहा वेळा दिव्यावरून बोलतेस आणि महिन्याच्या शेवटी बिल तेवढंच येतं, मग नवरा म्हणणारच ना की काय झालं त्याने. सवय म्हणून दिवे बंद करा, जरूर करा, पण त्यावरून घरात आवाज चढवू नकोस.

फ्रिज बंद करणं तर आजपासून थांबव. फ्रिज स्वतःच थंड झाला की कॉम्प्रेसर बंद करतो, गरज पडली की परत चालू करतो, तू सहा तास बंद ठेवलास की आतलं सगळं गरम होतं आणि पहाटे तो दम लागेपर्यंत चालून ते परत थंड करतो, हाती येतं अगदी थोडं. आणि उन्हाळ्यात दूध, भिजवलेली डाळ, सासूबाईंचं इन्सुलिन असेल तर ते, यातलं काही खराब झालं तर केवढ्याला पडेल. त्यापेक्षा दाराचं रबर बघ. दहाची नोट दारात अडकवून दार लाव आणि ओढ, सहज निघाली तर तिथून थंडी बाहेर जातेय, रबर बदलून घे. भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढ, आणि फ्रिजरमधे बर्फाचा थर बोटभर झाला असेल तर डिफ्रॉस्ट कर. बास, फ्रिजचा विषय संपला.

आता खरं काम. ते कर्मकांडासारखं नाहीये, एकदाच करायचंय आणि मुलांना घेऊन कर, त्यांना मजा येईल. तुमच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, बघितलायस? त्याच्या जवळ ३२०० इम्प असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हा की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. (तुमच्या मीटरवर आकडा १६०० असेल तर लुकलुक निम्मीच होईल, तेव्हा पुढे १९ ऐवजी ३८ ने गुण.) रात्री सगळे झोपायच्या आधी घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण पाच मिनिटं, पंखे, दिवे सगळं. बंद म्हणजे रोज तुम्ही जसं बंद करता तसंच हं, टीव्ही रिमोटने, बाकी जे प्लगला असतं ते असू दे. मग एकजण टॉर्च घेऊन मीटरपाशी, एकजण घड्याळ घेऊन, आणि एका मिनिटात किती लुकलुक होते ते मोजा. जो आकडा येईल त्याला १९ ने गुणा, तेवढे वॅट तुमचं घर काहीही चालू नसताना ओढतंय.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा मिनिटाला ४ आले. म्हणजे ७५ वॅट. एक जुना पंखा चोवीस तास चालू असल्यासारखं, महिन्याला ५४ युनिट, जे घरात कोणीच वापरले नव्हते! एकेक प्लग काढत गेलो तर सेटटॉप बॉक्स निघाला, तो रिमोटने बंद केला तरी जवळजवळ तेवढेच वॅट खात असतो, राउटर निघाला, आणि सगळ्यात मोठा चोर निघाला इन्व्हर्टर. बॅटरी सात वर्षांची झाली होती, चार्ज धरत नव्हती आणि तो आपला दिवसरात्र तिला भरत बसला होता. तुमच्याकडे इन्व्हर्टर असणारच, अकोल्यात लाईट जातेच, तर त्याचं आधी बघ. सेटटॉप बॉक्सला वेगळं बटण असलेला बोर्ड लावून दे, रात्री झोपताना ते एक बटण बंद, महिन्याला तीन-चार युनिट तर तिथेच सुटतात आणि कोणालाही काही सोडावं लागत नाही.

मग दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू चालू करून मोजा. पंखा लावला की साधारण १५ सेकंदाला एक लुकलुक, जुना असेल तर. गिझर लावा, दिवा वेडा होतो, सेकंदाला जवळजवळ दोन. हे एकदा मुलांनी डोळ्याने बघितलं ना की तुला त्यांच्या मागे फिरावं लागणार नाही, आणि तुझ्या नवऱ्यालाही बोलव, तो आकड्याचा माणूस दिसतोय.

बिलाबद्दल एक गोष्ट लक्षात घे कारण नवऱ्याशी बोलताना उपयोगी पडेल. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. ४१२ युनिटमधले पहिले १०० स्वस्तात लागले, पुढचे २०० महाग, आणि शेवटचे ११२ सगळ्यात महाग, पहिल्या स्लॅबच्या साधारण अडीचपट पडतात ते वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून, वर १६ टक्के वीज शुल्क. तू जो युनिट वाचवशील तो नेहमी वरून कमी होतो, त्या महागड्या ११२ मधून. म्हणून चार दिव्यांनी काय होणार हे नवऱ्याचं म्हणणं बरोबर असलं तरी शंभर युनिट खाली आणले तर बिल नुसतं चौथ्या हिश्श्याने कमी नाही होणार, त्यापेक्षा बरंच जास्त होईल.

आता एसी, आणि इथे मला तुझ्याशी जरा कडक बोलायचंय. ७२ वर्षांच्या बाईचा एसी रात्री २ वाजता बंद करू नकोस. कधीच नको. अकोल्यात ४४-४५ च्या दिवसानंतर स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्रभर तापलेली असते, एसी बंद केला की अर्ध्या तासात खोली भट्टी होते, आणि म्हाताऱ्या माणसाचं शरीर ती गरमी तुझ्यामाझ्यासारखी बाहेर टाकू शकत नाही, त्यात बीपीची गोळी चालू असेल, लघवी जास्त होणारी, तर अजून धोका. उष्माघात दुपारी रस्त्यावरच होतो असं नाही, बंद खोलीत रात्रीही होतो. हेमा सान्यांचं मला फार कौतुक आहे, बुधवार पेठेतल्या वाड्यात झाडं आणि पक्ष्यांच्यात राहून वनस्पतीशास्त्रावर एवढं काम केलं, वीज मागितलीच नाही कधी. पण ते त्यांनी स्वतःसाठी निवडलं होतं. आणि ते पुणं होतं गं, अकोल्याचा मे नव्हे. तू सासूबाईंच्या वतीने निवडलंस, त्यांना न विचारता, अंधारात, म्हणून त्या दुखावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत हे मला कमीच वाटतं. त्यांच्यापाशी जाऊन चुकलं म्हण, आधी ते कर, मग बाकीचं सगळं.

एसी बंद न करता त्याची वीज निम्म्यावर आणता येते. १८ कशाला? १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टारवाले एसी २४ वर सेट होऊनच येतात, ते काही उगाच नाही केलं ऊर्जा दक्षता ब्युरोने, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं त्यांचं गणित आहे. २६ ठेवा आणि वर पंखा दोनवर. अंगावर वारा लागला की २६ पण गार वाटतं, एवढं की पहाटे पांघरूण लागतं. नुसतं तेवढ्यानेच तिसरा हिस्सा वाचायला हरकत नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, तो मुलगा करू शकतो. आणि मे-जूनचे पाच आठवडे सगळे एकाच खोलीत झोपा की, खाली गाद्या टाकून! मुलांना तर आवडेल, आणि सासूबाईंची खोली थंड करतोच आहोत तर त्याच थंडीत पाच माणसं.

पण एसीला काम कमी द्यायचं असेल तर घर तापू न देणं हे खरं, आणि हे तुला मी सांगण्यापेक्षा सासूबाई जास्त चांगलं सांगतील. त्यांना विचार, लहानपणी वीज घरात नव्हती किंवा नावाला होती तेव्हा मे कसा काढायचे. मला माहितेय त्या काय सांगतील, माझी आजी पण तिकडचीच. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या दारं बंद, पडदे ओढलेले, घरात अंधार, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की सगळं उघडायचं. आम्ही आता उलटं करतो, दिवसभर खिडकी उघडी की हवा येऊ दे, अगं ती ४५ ची हवा येते! पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी, त्यावर पाणी मारायचं, तो वास अजून माझ्या नाकात आहे. दुपारी चूल बंद, स्वयंपाक पहाटे उरकलेला. रात्री गच्चीवर बाजा टाकून झोपायचं. सासूबाईंना हे सगळं येतं आणि त्या घरात गप्प बसून आहेत कारण त्यांना वाटतंय सून आपल्या मागे लागलीये. त्यांना यात पुढे कर, खिडक्या कधी बंद आणि कधी उघड्या हे त्यांच्याकडे दे.

गच्चीला चुना मार, आत्ता, मार्च लागायच्या आत, यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय मला तरी माहीत नाही. सिमेंटची काळपट गच्ची दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोलीत सोडत राहते, पांढरी केली की बरंचसं ऊन तिथल्या तिथे परत जातं, खालच्या खोलीत हात वर करून छताला लावलास तर फरक कळेल. कळीचा चुना आण, पत्र्याच्या ड्रममधे आदल्या रात्री भिजवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको कारण पाणी पडलं की तो अक्षरशः उकळतो आणि बादली वाकते. मुलांना लांब ठेव, डोळ्याला चष्मा काहीतरी लाव, एक थेंब डोळ्यात गेला तर फार वाईट. सकाळी जुन्या लुगड्यातून गाळून घे, ताकासारखा पातळ ठेव, त्यात फेविकॉल घाल म्हणजे पायाला लागत नाही, गच्ची झाडून धुवून घे आणि कुंच्याने एक हात आडवा, वाळला की दुसरा उभा. पावसाळ्यात निघून जातो बराचसा, दरवर्षी मारावा लागतो. पाणी मारून गच्ची गार करणं पण चालतं पण तुमच्याकडे नळ रोज येतो की नाही मला माहीत नाही, तेव्हा चुनाच बरा.

दिवसा हॉलला कूलर. तुमच्याकडे हवा कोरडी असते म्हणून कूलर एक नंबर चालतो, मुंबईच्या लोकांना त्याचं सुख कळणार नाही. १५०-२०० वॅटमधे काम होतं, एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात. समोरची खिडकी थोडी उघडी हवी नाहीतर घर दमट होतं, आणि दरवर्षी गवत नवीन. एक मात्र हात जोडून सांगते, लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे आणि पाणी भरताना बटण नाही, प्लग काढायचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात आणि त्यात लहान मुलं असतात.

पंखे बदलायचे असतील तर सगळे एकदम नको. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी. जुना ७५ वॅटचा, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास, रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात एका पंख्यामागे, आणि लाईट गेली की इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतो. अडीच-तीन हजारांना येतो, सध्या एक घे.

फेब्रुवारीचे १६८ पण कमी नाहीत बरं का, ते राहून जाईल सांगायचं. त्यात गिझर आहे. २० लिटरची बादली २० डिग्रीवरून ४० वर न्यायला अर्ध्या युनिटच्या जरा खाली वीज लागते, ते काही टाळता येत नाही, पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे महिन्याचे साधारण ७० युनिट. आणि गिझर दिवसभर चालू राहत असेल तर त्याच्या वर. पुढच्या थंडीत आंघोळीच्या आधी लावायचा, सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ, मग बंद. सासूबाईंनी आंघोळ दुपारी बारानंतर केली तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तोपर्यंत कोमट झालेलं असतं, त्यांना चालत असेल तरच हं. पैसे साठले की सोलर वॉटर हीटर, विजेच्या सोलरच्या आधी.

आणि नवऱ्याचं सोलर. तो चूक नाहीये. सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याच्या वर ७८ हजार अनुदान मिळतं, एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, आणि पॅनल टाकले की गच्चीवर सावली पडते ती वेगळीच. पण आत्ता ४१२ चं बिल दाखवून कंपनीवाला तुम्हाला साडेतीन-चार किलोवॅट सांगेल. हा उन्हाळा आधी वरचं सगळं करून काढा, जूनपर्यंतची बिलं हातात येऊ देत, कदाचित दोनमधे भागेल, मधले पैसे वाचतील. हे त्याला भांडणात नको सांगूस, मीटरचं मोजून झालं की त्याच रात्री सांग, आकडे समोर असताना.

मोजल्यावर मिनिटाला किती आले ते मला नक्की कळव. आणि सासूबाईंनी ताटीचं काय सांगितलं तेही, अकोल्यात वाळा आता कुठे मिळतो हे मला पण हवंय.